न्यायालयाच्या बाकावरील अध्ययन

(जालना जिल्ह्यातील विधी शाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



विधी महाविद्यालयाचे सत्र संपत आले की झेरॉक्सच्या दुकानांतून एक दृश्य हमखास दिसते. मागील वर्षी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे जर्नल समोर उघडलेले असते आणि यंदाचा विद्यार्थी ते आपल्या वहीत उतरवून घेत असतो. दिवाणी दावा तोच, फौजदारी खटला तोच, साक्षीदाराने उलटतपासणीत दिलेली उत्तरेही तीच. बदलते ते पहिल्या पानावरील नाव आणि तारीख. वही वेळेवर जमा होते, गुण मिळतात आणि सर्वांचे समाधान होते. ज्याला पुढे न्यायालयात शपथेवरचा पुरावा हाताळायचा आहे, त्याचा व्यवसायाशी पहिला परिचय न पाहिलेले पाहिले असे लिहून होतो, याची बोचणी मात्र कोणाला लागत नाही.

रोगी न पाहता रोगाचे वर्णन लिहिणाऱ्या वैद्याच्या हाती कोणी आपले मूल सोपविणार नाही. न्यायालय न पाहता न्यायालयाचे वर्णन लिहिणाऱ्या वकिलाच्या हाती मात्र शेतकऱ्याची जमीन, विधवेचा वारसाहक्क आणि निरपराध तरुणाचे स्वातंत्र्य सोपविले जाते. म्हणून परीक्षेच्या तयारीचा विचार प्रश्नसंचापासून न करता जर्नलापासून करणे अगत्याचे आहे. प्रामाणिकपणे केलेले प्रात्यक्षिक हीच लेखी परीक्षेची उत्तम तयारी असते आणि तीच पुढे पक्षकाराच्या उपयोगी पडते, हे या व्याख्यानाचे सूत्र आहे.

प्रात्यक्षिकांमागील योजना

भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ साली विधी शिक्षणाचे नियम केले. त्या नियमांत चार प्रात्यक्षिक विषय अनिवार्य ठरविले आहेत. दस्तऐवज व वादपत्रांचे मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी तंटा निवारण, आणि अभिरूप न्यायालय व अंतर्वासिता असे ते चार विषय होत. मसुदालेखनात वादपत्र, कैफियत, जामीन अर्ज यांसारखे किमान पंधरा आणि खरेदीखत, गहाणखत, मृत्युपत्र यांसारखे पंधरा मसुदे अपेक्षित असून प्रत्येकास तीन गुण आहेत. चौथ्या विषयात तीन अभिरूप खटले तीस गुणांचे. एक दिवाणी व एक फौजदारी अशा दोन खटल्यांचे निरीक्षण तीस गुणांचे. वकिलाच्या कार्यालयात पक्षकाराशी होणाऱ्या मुलाखतींची व दावा दाखल करण्याच्या प्रक्रियेची नोंदवही तीस गुणांची. आणि उरलेले दहा गुण तोंडी परीक्षेचे. याशिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे अंतर्वासिता अपेक्षित आहे.

ही योजना बारकाईने पाहिली तर तिच्यात वकिलाच्या कामाचा क्रम सामावलेला दिसतो. पक्षकार येतो, आपली हकीकत सांगतो, तिचा मसुदा होतो, दावा दाखल होतो, पुरावा होतो, युक्तिवाद होतो. चारही विषय मनापासून केलेल्या विद्यार्थ्याने पदवीपूर्वीच हा मार्ग एकदा चालून पाहिलेला असतो. उतरवून काढणाऱ्याने त्या मार्गाचा नकाशाही उलगडलेला नसतो.

निरीक्षण कसे करावे

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद येथील, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, खंडपीठही त्याच वर्षी सुरू झाले. पूर्वी ज्या कामासाठी मराठवाड्याच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागे, ते काम जालन्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर आले. आज जालन्याच्या विद्यार्थ्यास तालुक्याच्या न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंतची सारी उतरंड एका दिवसाच्या प्रवासात पाहता येते. महानगरातील विद्यार्थ्याने हेवा करावा अशी ही सोय आहे.

निरीक्षणाची सुरुवात एकच खटला निवडून करावी. ई-न्यायालय प्रणालीवर प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकाक्षरांचा क्रमांक असतो. त्यावरून पुढील तारीख व प्रकरणाचा टप्पा घरबसल्या कळतो. दिवाणी दावा असेल तर वादपत्रातील मागणी कोणती, कैफियतीत काय नाकारले, न्यायालयाने मुद्दे कोणते काढले आणि प्रत्येक मुद्दा सिद्ध करण्याचा भार कोणावर टाकला, हे प्रथम टिपावे. मगच साक्षीदाराकडे लक्ष द्यावे. मुद्दे ठाऊक नसताना उलटतपासणी ऐकणे म्हणजे डाव न समजता सोंगट्यांची हालचाल पाहणे होय. फौजदारी खटल्यात दोषारोप कोणत्या कलमाखाली ठेवला, त्या कलमाचे घटक किती आणि कोणता साक्षीदार कोणत्या घटकासाठी तपासला, अशी तीन रकान्यांची नोंद करावी. पंच फितूर झाला तर सरकारी अभियोक्ता काय करतो आणि शेवटी आरोपीचा जबाब कसा घेतला जातो, हे पुस्तकाच्या दहा पानांपेक्षा एका दुपारच्या निरीक्षणातून अधिक स्पष्ट होते.

येथे मर्यादेचे भानही हवे. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांचे खटले बंद कक्षात चालतात. तेथे विद्यार्थ्याने शिरण्याचा प्रयत्न करू नये. अशा पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली अपराध आहे. वकिलाच्या कार्यालयात पक्षकाराने सांगितलेली गोष्ट जर्नलात लिहिताना नावगाव गाळावे. व्यावसायिक नीतीचा विषय लेखी परीक्षेपूर्वी येथेच सुरू होतो.

मराठवाड्याचा स्वतंत्र वारसा

बाजारातील मार्गदर्शिका बहुधा पुण्यामुंबईकडे लिहिल्या जातात. जमिनीच्या कायद्याचे प्रकरण आले की त्यांत १९४८ चा कुळकायदा आणि त्यातील कलम ३२-ग असते. जालन्याचा विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि सनद घेऊन अंबड वा भोकरदनच्या न्यायालयात उभा राहतो तेव्हा त्याला कळते की येथील जमिनीला तो कायदा लागूच नाही. निजामी राजवटीतून १९४८ साली मुक्त झालेल्या या भागास हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. येथे संरक्षित कूळ ही संकल्पना आहे आणि कुळाकडे मालकी जाण्याची तरतूद कलम ३८-ई मध्ये आहे. एखादी व्यक्ती कूळ आहे की नाही हा प्रश्न दिवाणी दाव्यात उपस्थित झाला तर तो ठरविण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांचा असतो, हेही येथे अनेकदा निर्णायक ठरते.

इनाम जमिनींचे तसेच आहे. त्यांच्यासाठी हैदराबाद राज्याचा १९५४ चा स्वतंत्र कायदा झाला. जुन्या वादांत १९५४-५५ चे खासरा पत्रक दाखल होते, पहाणीपत्रक दाखल होते, कधी उर्दूतील तर कधी मोडीतील कागद पुढे येतो. जर्नलासाठी असा एक जरी दावा मुळापासून वाचला तर विद्यार्थ्यास अधिकार अभिलेख म्हणजे काय, फेरफार नोंदीने मालकी निर्माण होते की नाही आणि सातबाऱ्याचे पुराव्यातील मूल्य किती, या तीन प्रश्नांची उत्तरे कायमची कळतात. फेरफार ही महसुलासाठी ठेवलेली नोंद असून तिच्यामुळे मालकी मिळत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. परीक्षेत हा प्रश्न आला तर उदाहरणासाठी पुस्तक शोधावे लागणार नाही.

मूळ अधिनियम हातात हवा

लेखी परीक्षेसाठी पहिले पुस्तक म्हणजे मूळ अधिनियम. कलम वाचताना त्याचे तुकडे पाडावेत: मुख्य नियम, त्याचे घटक, परंतुक, अपवाद, स्पष्टीकरण आणि दृष्टांत. हे तुकडे स्वतःच्या हाताने एका पानावर मांडले की पाठांतराचा भार निम्मा होतो. एक घटक कमी पडला तर काय होईल, असा प्रश्न प्रत्येक घटकापुढे लिहावा. परीक्षेतील समस्याप्रधान प्रश्न नेमके याच जागेवर बोट ठेवतात.

१ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे अमलात आले. ५११ कलमांच्या भारतीय दंड संहितेच्या जागी ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी ५३१ कलमांची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी १७० कलमांचा भारतीय साक्ष्य अधिनियम आला. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ झाले. फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये आले. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचे ६५-ब आता ६३ झाले. किरकोळ अपराधांसाठी समाजसेवेची शिक्षा प्रथमच संहितेत आली. प्रथमच अपराध करणाऱ्याने पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू चोरली आणि ती परत केली, तर त्याला हीच शिक्षा होते.

म्हणून जुनी पुस्तके रद्दीत घालावीत काय? मुळीच नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) नुसार कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्यानेच त्याचा अपराध ठरतो. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या घटनांचे खटले दंड संहितेच्या कलमांनीच चालतील आणि ते अजून पुष्कळ वर्षे चालतील. आजच्या विद्यार्थ्यास दोन्ही संहिता जाणणे भाग आहे. एका वहीत डावीकडे जुने कलम, उजवीकडे नवे कलम आणि तिसऱ्या रकान्यात शब्दांत झालेला बदल, असा तक्ता त्याने स्वतः करावा. छापील तक्ता विकत मिळतो, परंतु कलमांची तुलना करताना जो विचार होतो तो विकत मिळत नाही.

एक प्रश्न, पाच पायऱ्या

जालना बियाण्यांच्या उद्योगासाठी देशभर ओळखले जाते. तेव्हा उदाहरणही बियाण्याचेच घ्यावे. असे समजू की मंठा तालुक्यातील एका शेतकऱ्याने दुकानातून सोयाबीनचे बियाणे घेतले, पाऊस पुरेसा झाला, पेरणी योग्य झाली, तरी बियाणे उगवले नाही. विक्रेता म्हणतो, शेती हा व्यवसाय आहे, त्यामुळे शेतकरी ग्राहक नाही; शिवाय बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही. शेतकऱ्यास दाद मिळेल काय?

पहिली पायरी तथ्यांची: खरेदीची पावती, पिशवीवरील लेबल, पेरणीची तारीख आणि तालुका स्तरावरील तक्रार समितीचा पंचनामा. दुसरी पायरी मुद्द्यांची: शेतकरी ग्राहक ठरतो काय, आणि तपासणीवाचून दोष सिद्ध होतो काय. तिसरी पायरी कायद्याची: ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मध्ये ग्राहकाची व्याख्या आहे आणि स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही; कलम ३८ मध्ये तपासणीची पद्धत आहे; कलम ६९ मध्ये दोन वर्षांची मुदत आहे. चौथी पायरी निवाड्याची व त्याच्या उपयोजनाची: नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या २०१२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहक आहे असे ठरविले, आणि शेतकरी सर्व बियाणे पेरून टाकणार, तपासणीसाठी शिल्लक ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही, असेही म्हटले. पाचवी पायरी निष्कर्षाची: दाव्यातील तथ्ये सिद्ध झाल्यास जिल्हा आयोगाकडून भरपाई मिळू शकते आणि कलम ३४ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या, म्हणजे जालन्याच्या, आयोगाकडे तक्रार करता येते.

बहुसंख्य उत्तरपत्रिकांत तिसरी पायरी तीन पाने असते आणि चौथी तीन ओळी. गुण तेथेच जातात. कायदा सांगणे सोपे, तो समोरच्या माणसाच्या तथ्यांना लावून दाखविणे अवघड. आणि परीक्षक असो वा न्यायाधीश, दोघांनाही तेवढेच हवे असते. प्रत्येक विषयात असे दहा प्रश्न घड्याळ लावून सोडवावेत आणि ते एखाद्या वकिलाकडून वा शिक्षकाकडून तपासून घ्यावेत.

अक्षर आणि भाषा

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. मोक्षमार्गाचा उपदेश करणाऱ्या या संताने दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला वाहिला आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, कागदाची निगा यांचा विचार त्यांना क्षुल्लक वाटला नाही. उत्तरपत्रिका असो की वादपत्र, ते वाचणाऱ्या व्यक्तीपुढे दिवसभरात असे अनेक कागद येतात. मुद्द्याला क्रमांक, परिच्छेदाला समास आणि कलमाचा अचूक उल्लेख हे वाचणाऱ्याच्या वेळेविषयीचे सौजन्य आहे.

भाषेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ च्या शासन अधिसूचनेने मराठी ठरली. उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे कामकाज अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते. ग्रामीण विद्यार्थी इंग्रजीच्या भयाने खचतो आणि शहरी विद्यार्थ्यास मराठीत एक वादपत्र धड लिहिता येत नाही. दोघेही अर्धेच वकील होतात. यावर साधा उपाय आहे. दररोज निवाड्याचे एक पान इंग्रजीतून वाचावे, त्याचा सारांश मराठीत लिहावा आणि दुसऱ्या दिवशी तो सारांश पुन्हा इंग्रजीत उतरवून मूळ पानाशी ताडून पाहावा. एका वर्षात तीनशे पाने होतात आणि भय उरत नाही.

पूर्वसूरींचा परिश्रम

लोकमान्य टिळकांनी १८७९ साली कायद्याची पदवी घेतली. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर त्यांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेस बसणाऱ्यांसाठी कायद्याचा वर्ग चालविला. वृत्तपत्रांचा व्याप सांभाळून राष्ट्रनेत्याने परीक्षार्थींना शिकविण्यात कमीपणा मानला नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईत अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले, १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्या माणसाला अभ्यासाचा प्रत्येक दिवस विकत घ्यावा लागला होता, त्याने एकही दिवस वाया घालविला नाही. जालना जिल्ह्यातील कित्येक विद्यार्थी आज कुटुंबातील पहिलेच पदवीधर आहेत. त्यांना याहून जवळचा आदर्श शोधण्याची आवश्यकता नाही.

पदवीनंतर

पदवी मिळाली की अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षा पुढे असते. ती घेण्याचा विधिज्ञ परिषदेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी मान्य केला. त्या परीक्षेत टिपणांविना मूळ अधिनियम जवळ बाळगता येतो. परंतु ज्याने तो आधी हाताळलाच नाही त्याला तो उघडूनही कलम सापडत नाही. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांसाठी २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्याने पुन्हा आणली. न्यायालयाचा प्रत्यक्ष अनुभव नसलेला तरुण थेट न्यायासनावर बसू नये, हा त्यामागील विचार आहे. आज जर्नलात शिकण्याची टाळाटाळ केली तरी ते शिक्षण उद्या अटीच्या रूपाने समोर येणारच आहे.

समाजाचे कर्तव्य

हे सारे एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. तालुक्याच्या गावी मूळ अधिनियमांची दोन कपाटे असलेली अभ्यासिका उभी करणे, आठवड्यातून एक सायंकाळ ज्येष्ठ वकिलांनी विद्यार्थ्यांच्या मसुद्यांसाठी राखून ठेवणे, निवृत्त न्यायिक अधिकाऱ्यांनी अभिरूप न्यायालयात न्यायासनावर बसणे, ही कामे मोठ्या निधीवाचून होण्याजोगी आहेत. मूल वकिलीचे शिक्षण घेत असताना त्याला केवळ निकालाविषयी न विचारता 'आज न्यायालयात काय पाहिलेस?' असे विचारणे हे प्रत्येक घराला शक्य आहे.

विद्यार्थ्यांनीही घेतलेले परत करावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने जिल्हा व तालुका स्तरावर मोफत विधी साहाय्याची यंत्रणा उभी केली आहे आणि १५१०० हा तिचा साहाय्य क्रमांक आहे. सनद मिळेपर्यंत विधी शाखेचा विद्यार्थी तेथे निमविधी स्वयंसेवक म्हणून काम करू शकतो. लोकअदालतीच्या दिवशी आलेल्या वृद्धेला कोणत्या कक्षात जायचे हे सांगणे, समन्समधील मजकूर तिला समजेल अशा शब्दांत वाचून दाखविणे, ही सेवा आहे आणि अभ्यासही आहे. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यावी लागते आणि न्यायालय ती मुदत सामान्यतः नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते, हे विद्यार्थ्यास चार गुणांचे उत्तर असते. समन्स पेटीत ठेवून पावसाची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्याला मात्र ते तीस दिवस म्हणजे बापजाद्यांची जमीन असते.

त्या शेतकऱ्याला वेळेवर सावध करणारा वकील कोणत्या वर्गात, कितव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला हे कोणी विचारणार नाही. तो विद्यार्थिदशेत न्यायालयाच्या मागच्या बाकावर खरोखर बसला होता काय, एवढेच महत्त्वाचे ठरेल. या सत्राचे जर्नल अजून कोरे आहे आणि जालन्याच्या न्यायालयांत कामाचा प्रत्येक दिवस बोर्डावरील प्रकरणांनी भरलेला आहे.